पानावरची खूण, ताटातली उणीव: खनिजांची कमतरता कशी ओळखावी आणि कशी भरून काढावी

झाड पिवळे पडले की खत टाकायचे आणि थकवा आला की लोहाची गोळी घ्यायची, हे दोन्ही उपाय पुष्कळदा एकाच कारणाने फसतात. खनिज जागेवर असते, पण मुळांना किंवा आतड्यांना ते उचलता येत नाही. लोहाचेच बघा. साध्या मातीत वजनाच्या १ टक्का लोह धरले, तरी एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात ते सुमारे २०,००० किलो भरते. पीक हंगामात उचलते जेमतेम किलो-दोन किलो. तरीही त्याच जमिनीत कोवळी पाने पांढरी पडतात. म्हणून 'काय घालू?' या प्रश्नाआधी 'का मिळत नाही?' हा प्रश्न सोडवायचा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, आधी झाडासाठी आणि मग माणसासाठी.

पायरी १: पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा

झाडाला १७ मूलद्रव्ये लागतात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून येतात, उरलेली १४ मातीतून. त्यांतली काही झाडाच्या आत फिरू शकतात, काही जिथे बसली तिथेच राहतात. निदानाची पहिली किल्ली हीच.

नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम फिरणारी आहेत. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे खालची पाने आधी बिघडतात. सगळे पान सारखेच फिकट झाले तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. स्फुरद कमी असेल तर पान सहसा पिवळे होत नाही. ते गडद, जांभळट होते आणि रोप खुजे राहते.

लोह, जस्त, मँगनीज, तांबे, कॅल्शियम, बोरॉन ही जागा सोडत नाहीत किंवा फार थोडी सोडतात, गंधकही बऱ्याच अंशी तसेच. त्यांची कमतरता शेंड्याकडे, नव्या पानांवर दिसते. लोह कमी असेल तर कोवळ्या पानात बारीक हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसते आणि पुढे पान जवळजवळ पांढरे पडते. मँगनीजमध्येही शिरांमधला भाग पिवळा पडतो, पण शिरांच्या कडेने हिरवा पट्टा रुंद राहतो. जस्त कमी असेल तर पाने लहान, पेरे आखूड आणि शेंड्याला पानांचा झुबका. गंधकात नवे पान शिरांसकट फिकट होते. बोरॉनमध्ये शेंडाच मरतो आणि खोड-देठ ठिसूळ होतात.

मॉलिब्डेनम मात्र फसवते. झाडाने घेतलेले नायट्रेट वापरण्याजोगे करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते लागते, त्यामुळे ते कमी पडले की लक्षण नत्राच्या कमतरतेसारखेच दिसते. नत्र देऊनही फरक पडत नसेल आणि माती आम्ल असेल तर हा संशय घ्यावा.

रोग आणि कमतरता यांत गल्लत होते. कमतरतेची खूण पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर सारखी असते, एकाच वयाच्या सगळ्या पानांवर असते आणि हळूहळू वाढते. एका बाजूलाच डाग, वेडेवाकडे चट्टे, पानामागे जाळे किंवा किडे असतील तर खताचा विचार बाजूला ठेवा.

पायरी २: खोडाशी उकरून मुळे बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. १०-१५ सेंटीमीटर खोल उकरा. मुळे पांढरी, लवचिक असतील तर ठीक. तपकिरी, मऊ, साल सुटणारी आणि मातीला कुबट वास असेल तर पाणी साचून मुळे गुदमरली आहेत. अशा मुळांना कोणतेही खत उचलता येत नाही, उलट क्षारांचा ताण वाढतो. पाणी थांबवा, निचरा करा, वाफसा येऊ द्या. पिवळेपणा पुष्कळदा तेवढ्यानेच ओसरतो.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडणे हा याच जातीचा प्रकार. तो कॅल्शियमचा तुटवडा आहे खरा, पण मातीत कॅल्शियम बहुधा भरपूर असते. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते, आणि पाने जितके पाणी ओढतात तितके फळ ओढत नाही. माती एकदा कोरडीठाक, एकदा चिखल अशी राहिली की फळाच्या टोकाला पुरवठा तुटतो. इलाज म्हणजे सारख्या अंतराने पाणी, आच्छादन आणि नत्राचा हात आखडता. काळी पडलेली फळे सुधारत नाहीत, ती तोडून टाका.

पायरी ३: सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल याचे माप) मोजा

वेगवेगळ्या ८-१० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या आणि कडेची २-३ सेंटीमीटर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत कापा. बांध, खताचा ढीग, झाडाची सावली टाळा. सूक्ष्मद्रव्ये तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नका, प्लास्टिकची घ्या, नाहीतर अहवालात बादलीचेच जस्त दिसेल. सगळी माती मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा.

घरच्या अंदाजासाठी २० ग्रॅम वाळलेली माती ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ढवळा. अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवा आणि वरच्या पाण्यात सामूची पट्टी बुडवा. नळाचे पाणी नको, त्याचा स्वतःचा सामू मध्ये येतो. दुसऱ्या चिमूटभर मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर मातीत मोकळी चुनखडी आहे.

सामू ६ ते ७ असेल तर बहुतेक अन्नद्रव्ये मोकळी असतात. ७.५ च्या वर लोह, जस्त, मँगनीज अडकतात. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जाळते आणि मॉलिब्डेनम मिळेनासे होते. तिथे चुना घालावा लागतो, पण किती ते प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवा, कारण चिकण मातीला रेताड मातीपेक्षा बराच जास्त लागतो.

उलट, चुनखडीच्या जमिनीत 'गंधक टाका, सामू उतरेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. हिशोब करून बघा. एक किलो गंधक साधारण ३.१ किलो चुनखडी संपवते. एका चौरस मीटरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे २०० किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुनखडी म्हणजे १० किलो, म्हणजे एका चौरस मीटरला ३ किलोहून जास्त गंधक! कुंडीत किंवा आळ्यापुरते ठीक, शेतभर नाही. अशा जमिनीत नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेटसारखे खत वापरले तर मुळांलगतचा सामू थोडा उतरतो आणि लोह जरा सुटते. ते जास्त शहाणपणाचे.

पायरी ४: आधी एका फांदीवर तपासा

लोहाचा संशय असेल तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि दोन-चार कोवळ्या पानांच्या अर्ध्या भागाला ब्रशने लावा. आठ-दहा दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला आणि उरलेला पिवळाच राहिला, तर निदान पक्के. काहीच फरक नसेल तर मागच्या दोन पायऱ्यांकडे परत जा. चुकीच्या द्रव्याची फवारणी करण्यापेक्षा हे दहा दिवस गेलेले बरे.

पायरी ५: मात्रा

प्रत्येक मात्रा एक लिटर पाण्यासाठी आहे.

- लोह: वरचेच द्रावण. दरवेळी ताजे करा. गंजासारखा रंग आला की ते निकामी झाले.
- जस्त: झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विझवलेला चुना २.५ ग्रॅम. चुना वेगळा कालवून, गाळून मिसळा. तो नसेल तर पाने भाजण्याचा धोका वाढतो.
- मॅग्नेशियम: मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम.
- बोरॉन: बोरिक ॲसिड १ ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात आधी विरघळवून.

बोरॉनला काटा वापराच. पुरेसे आणि विषारी यांतले अंतर इतर कोणत्याही द्रव्यापेक्षा कमी आहे, आणि 'अंदाजे चमचाभर' घालणाऱ्यांची पाने कडेने जळतात.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही. १०-१५ दिवसांनी पुन्हा एकदा. कॅल्शियम नायट्रेट कोणत्याही सल्फेटसोबत किंवा फॉस्फेटसोबत एका टाकीत घालू नका. साका बसतो, नोझल तुंबते आणि दोन्ही खते वाया जातात. मातीतून लोह द्यायचे असेल तर चिलेटचा (लोहाला धरून विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगाचा) प्रकार लेबलवर वाचा. ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकते. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए घ्यावे, महाग असले तरी.

एका द्रव्याच्या अतिरेकानेही दुसऱ्याचा तुटवडा होतो. स्फुरद वर्षानुवर्षे ओतले तर जस्त अडते, पालाश जास्त झाले तर मॅग्नेशियम.

पायरी ६: हिरव्या पिकावरून ताटाचा अंदाज बांधू नका

झाडाच्या आणि माणसाच्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत. झाडाला आयोडीन लागत नाही, सेलेनियमही लागत असल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणून ही दोन्ही नसलेल्या जमिनीवर पीक डौलात उभे राहते आणि खाणारा आजारी पडतो. चीनमधील केशान भागात सेलेनियमच्या अभावाशी जोडलेला हृदयविकार याच वाटेने आला. फिनलंडने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खतातच सेलेनियम मिसळले आणि लोकांच्या रक्तातले प्रमाण वाढले. आयोडीनसाठी स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये मिठाचा मार्ग धरला.

आयोडीन प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदरपणी आणि स्तनपानाच्या काळात २५०. आयोडीनयुक्त मीठ झाकणबंद, कोरड्या जागी ठेवा आणि पदार्थ शिजत आल्यावर घाला. मात्र एकूण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. आयोडीनच्या नावाखाली मीठ वाढवायचे कारण नाही.

जस्ताचे गणित वेगळे. गव्हावर दाणे भरताना झिंक सल्फेट फवारले तर दाण्यातले जस्त वाढते, उत्पादन तेवढेच राहिले तरी.

पायरी ७: ताटातले अडथळे काढा

बी आपले स्फुरद फायटेटच्या रूपात साठवते, उगवताना अंकुराला ते लागते. आपल्या आतड्यात तेच फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवते. उपाय बीजानेच सुचवला आहे: त्याला उगवू द्या. कडधान्ये ८-१२ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि जमल्यास १-२ दिवस मोड येऊ द्या. आतले फायटेझ विकर जागे होऊन फायटेट तोडते. पीठ आंबवल्यानेही तेच घडते.

वनस्पतींतले लोह सुटायला आम्लता लागते, मातीत तसेच जठरात. म्हणून त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवे. एका मध्यम संत्र्यात ते ६०-७० मिलिग्रॅम असते आणि तेवढे पुरते. चहा-कॉफी जेवणाच्या आधी-नंतर तासभर टाळा. आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यांचे लोह का उतरते, हे आता वेगळे सांगायला नको.

पालकाच्या बाबतीत एक गैरसमज खोडायला हवा. त्यात कॅल्शियम आहे, पण त्यातलेच ऑक्झलेट नावाचे द्रव्य ते बांधून ठेवते. त्यातले सुमारे ५ टक्केच शोषले जाते, तर दुधातले सुमारे ३० टक्के. पालक जरूर खा, कॅल्शियमसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका.

पायरी ८: गोळीआधी तपासणी

माणसाची 'माती तपासणी' म्हणजे रक्त. नुसते हिमोग्लोबिन पुरत नाही, कारण साठा रिता झाल्यावरच ते घसरते. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ च्या खाली, पुरुषात १३ च्या खाली आणि गरोदरपणी ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. सोबत फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) तपासा. १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर साठा संपला आहे. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढते, तेव्हा बरे झाल्यावर तपासा. थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक विकाराच्या) वाहकांतही लाल पेशी लहान दिसतात, पण लोह कमी असेलच असे नाही. त्यांनी आंधळेपणाने लोह घेणे घातक ठरू शकते.

जस्ताच्या गोळ्या ४० मिलिग्रॅमहून जास्त मात्रेत रोज, दीर्घकाळ घेतल्या तर तांब्याची कमतरता होते. शेतात स्फुरद आणि जस्ताचे जे झाले, तेच इथे. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, त्यांची विषबाधा जीवघेणी असते.

डॉक्टरांनी लोह दिले असेल तर ते कॅल्शियमच्या गोळीपासून किमान दोन तास दूर घ्या आणि चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा बघा. एक ते दोन ग्रॅम वाढ दिसायला हवी. दिसली तर साठा भरण्यासाठी, हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीला आल्यावरही साधारण तीन महिने औषध चालते. दिसली नाही तर मात्रा वाढवण्याआधी कारण शोधा: गोळी चहाबरोबर घेतली जाते का, आम्लपित्ताचे औषध चालू आहे का, पाळीत किंवा आतड्यातून रक्त जाते आहे का, की आतडे शोषतच नाही.