टूक्सबरीला चिलखत घालून उतरण्यापूर्वी : तयारीची यादी

यादीतली पहिली वस्तू म्हणजे जादा बंद, म्हणजे चिलखताचे तुकडे आतल्या अंगरख्याला बांधायच्या दोऱ्या. गेल्या जुलैत डाव्या मांडीचे कवच पहिल्याच चढाईत सुटून गुडघ्यावर घसरले, तेव्हा माझ्या पेटीत हातोडी होती, तेल होते, सुटे रिवेटही होते. पण कवच पुन्हा अंगरख्याला बांधायला एकही जादा बंद नव्हता, आणि उरलेली लढाई दोरीपलीकडून पाहावी लागली. म्हणून यंदा ही यादी बंदांपासून सुरू होते, आणि त्यांचा उल्लेख पुढेही पुन्हा पुन्हा येईल.

इंग्लंडमधील टूक्सबरी येथे ४ मे १४७१ रोजी, इंग्लंडच्या गादीसाठी चाललेल्या यादवीत, राजा चौथ्या एडवर्डच्या यॉर्क पक्षाने लँकेस्टर पक्षाचा निर्णायक पराभव केला. त्या लढाईची रीएनॅक्टमेंट, म्हणजे ती पुन्हा लढून दाखवण्याचा प्रयोग, तिथे जुलैमधल्या उत्सवात होते. त्या काळातल्या पायदळाच्या वेशात, पत्र्याचे चिलखत घालून प्रथमच उतरू इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. तंबू, पांघरूण, खाणेपिणे यांची आठवण कोणालाही करून द्यावी लागत नाही, म्हणून ते सोडून देतो.

आतला अंगरखा, म्हणजे आर्मिंग डब्लेट, शिवून तयार होईपर्यंत पत्र्याला हात लावू नये. चिलखताची सगळी मापे हा अंगरखा अंगात असतानाच घ्यायची असतात. नुसत्या शर्टावरून छातीचे माप घेऊन पत्रा कापला, तर कवच चढवल्यावर पुरता श्वास घेता येत नाही, आणि कापलेला पत्रा काही वाढवता येत नाही. अंगरखा कमरेत घट्ट हवा, इतका की बटणे लावताना थोडा जोर लागला पाहिजे, कारण पायांच्या कवचाचे सारे वजन त्याच्या कमरेच्या काठाला टांगलेले असते. कंबर सैल असेल तर ते वजन नितंबांवर न बसता खांद्यांवरून खाली ओढत राहते आणि तासाभरात पाठ धरते. आत पॉलिएस्टरचे अस्तर किंवा कृत्रिम कापूस घालू नये. घाम अडतो आणि अंग आतल्या आत शिजते. लिनन आणि सुती कापडच घ्यावे, महाग पडले तरी.

न्यू यॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील एका हस्तलिखितात पंधराव्या शतकातले एक इंग्रजी टिपण आहे. पायी द्वंद्वयुद्ध करणाऱ्याला कसे सजवावे, हे त्यात पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने सांगितले आहे. आत शर्ट घालू नये, फस्टियन या जाड कापडाचा छिद्रे पाडलेला अंगरखा घालावा, काखेत आणि कोपराच्या वळणावर साखळीविणीचे, म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफलेल्या जाळीचे, तुकडे शिवावेत, असे त्यात आहे. बंदांविषयी तर ते फारच नेमके आहे : आडव्या धनुष्याची प्रत्यंचा ज्या बारीक सुताची करतात त्याच सुताचे बंद करावेत आणि त्यांना चर्मकाराचे मेण चोळावे, म्हणजे ते ताणलेही जाणार नाहीत आणि तुटणारही नाहीत. त्याच टिपणात मैदानावर न्यायच्या सामानाचीही यादी आहे. तंबू, खुर्ची, घंगाळ, सहा पाव, दोन गॅलन वाइन यांच्यासोबत तिच्यात हातोडी, पक्कड, छोटी ऐरण आणि डझनभर लहान खिळे आहेत. आणि तिथेच, हातोडीच्या अगदी आधी, डझनभर जादा बंद आहेत. ज्यांचे पोट याच कामावर होते ते लोक डझनाखाली येत नव्हते, तेव्हा आपणही येऊ नये.

हे बंद घरीच करावेत. बाजारात मिळणाऱ्या चामड्याच्या वाद्या दिसायला देखण्या असतात, पण इंग्लंडच्या जुलैत पाऊस ठरलेलाच, आणि भिजलेली वादी बोटभर तरी लांबते. कवच तेवढेच खाली येते आणि गुडघ्याचा सांधा गुडघ्याच्या खाली जाऊन बसतो. बुटांच्या सुती नाड्या गाठीपाशी झिजतात. जाड लिनन दोऱ्याचे सहा-आठ पदर घेऊन घट्ट वेणी घालावी, मधमाश्यांच्या मेणात थोडी राळ वितळवून ती वेणी त्यातून ओढावी, आणि जास्तीचे मेण कापडाने जोरात पुसून काढावे. घासताना बोटाला चटका बसू लागला, की मेण आतपर्यंत गेले असे समजावे. टोकाला पितळी पत्र्याची बारीक नळी बसवावी. ती नसेल तर हातमोजा चढवलेल्या हाताने छिद्रात बंद ओवणे जवळजवळ अशक्य असते. लांबी वीतभर ठेवून चालत नाही. बंद अंगरख्याच्या दोन छिद्रांतून आणि कवचाच्या चामडी पट्टीतून जाऊन पुन्हा गाठीला उरला पाहिजे, म्हणून तो निदान हातभर असावा. प्रत्येक बंद रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी त्याला वजन टांगून पाहावे. जो लांबला तो टाकून द्यावा. त्यानंतर तितकेच बंद पुन्हा करून एका पिशवीत भरावेत आणि ती पिशवी हातोडीच्या कप्प्यात ठेवावी. कपड्यांच्या पेटीत ठेवू नये, कारण ती पेटी तंबूत राहते.

बंद ज्या छिद्रांतून जातात ती छिद्रे कापून पाडू नयेत. आरीने विणीतले धागे बाजूला सारून वाट करावी आणि कडा मेणाच्या दोऱ्याने दाट शिवून घ्यावी. धागे कापले गेले, की छिद्र पहिल्याच दिवशी फाकते, मग बंद कितीही चांगला असो. गाठ सुरगाठच मारावी. बाराबंदीचे बंद ज्या सवयीने एका हिसक्यात सुटतात, तसेच हेही सुटले पाहिजेत. भोवळ येऊन पडलेल्या माणसाच्या अंगावरच्या निरगाठी सोडवत बसण्याइतका वेळ कोणाजवळच नसतो.

आता पोलाद. पहिले शिरस्त्राण स्वतः ठोकून करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मांडीचे किंवा दंडाचे कवच थोडे वेडेवाकडे झाले तर फार तर टोचते. शिरस्त्राण चुकले तर मान आणि कवटी जाते. ते जाणत्या कारागिराकडून, सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे करवून घ्यावे, आणि मागवताना आतल्या अस्तरासह डोक्याचे माप द्यावे. हातापायांच्या भागांना सव्वा ते दीड मिलिमीटर पुरतो. आधी पुठ्ठ्याचे नमुने कापून ते अंगरख्यावर बांधून पाहावेत, बसावे, गुडघे टेकावेत, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, आणि पुठ्ठा जिथे दुमडेल तिथे पत्रा रुतेल हे लक्षात घेऊन दुरुस्ती करावी. पुठ्ठ्यावर घालवलेला प्रत्येक तास वसूल होतो. पत्रा लाकडी ओंडक्यात कोरलेल्या खळग्यात ठोकून फुगवावा, कडा कानशीने घासून बोथट कराव्यात आणि शक्य तिथे बाहेर वळवून घ्याव्यात. न घासलेली कड आधी अंगरखा कापते, मग कातडी, आणि त्याहीआधी बंद कापते; तेव्हा बंद जिथून जातो त्या छिद्राच्या कडेवरून आतून बाहेरून बोट फिरवून पाहिल्याशिवाय तुकडा पुरा झाला असे म्हणू नये. ठोकताना कानांत बोळे हवेतच. आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवू नये. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो, आणि बंद खोलीत हा प्रकार गंभीर होऊ शकतो.

पूर्ण चिलखताचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. डॉमिनिक मॅन्सिनी हा इटालियन १४८३ मध्ये लंडनमध्ये होता. त्याने नोंदवले आहे की, मातब्बर लोक सोडले तर इंग्रज सैनिक धातूचे कवच घालत नसत; कमरेखाली येणारे, आत तागासारखे मऊ तंतू भरलेले अंगरखे घालत, आणि अंगरखा जितका मऊ तितका तो बाणांना आणि तलवारींना चांगला अडवतो असे ते म्हणत. पहिल्या वर्षी असा भरलेला अंगरखा, म्हणजे जॅक, चांगले शिरस्त्राण, गळ्याचे कवच आणि लोखंडी हातमोजे एवढ्यावर उतरणे इतिहासाला धरून आहे आणि खिशालाही झेपते. बोटे मात्र उघडी ठेवू नयेत. खोट्या लढाईत सर्वांत जास्त बोटेच चेचतात.

गळ्याबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण उकाड्यात लोक पहिल्यांदा गळ्याचे कवचच काढतात. मार्च १४६१ मध्ये, याच यादवीतल्या टाउटनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, लँकेस्टर पक्षाच्या लॉर्ड क्लिफर्डने उकाड्यामुळे किंवा वेदनेमुळे गळ्याचे कवच काढले आणि बिनफाळाचा बाण घशात लागून तो मेला, असे एडवर्ड हॉलच्या सोळाव्या शतकातील बखरीत आहे. आपल्याकडची शस्त्रे बोथट असतात, पण भाल्याचा बोथट दांडाही घशाला तितकाच जवळ असतो. तहान लागली तर रांगेतून मागे यावे, दोरीपलीकडे जावे आणि मगच काही काढायचे ते काढावे. हनुवटीचा पट्टाही तसाच. २०१२ मध्ये लेस्टरला, लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. त्यावर मृत्यूच्या सुमाराच्या अकरा जखमा आहेत आणि त्यांपैकी नऊ कवटीवर आहेत. शेवटच्या क्षणी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. पट्टा बांधल्यावर मित्राला शिरस्त्राण मागून पुढे ढकलायला सांगावे. ते डोळ्यांवर आले तर पट्टा सैल आहे.

वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधील अनुभवी लोकांना पूर्ण चिलखत घालून ट्रेडमिलवर चालवले होते. चालण्याला लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक भरली, आणि याचे एक मोठे कारण पायांवरचे वजन हे होते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावे लागते. श्वासही खोल न जाता भराभर आणि उथळ चालतो. म्हणून महिनाभर आधीपासून पूर्ण वेशात चालण्याचा सराव करावा, आणि सराव शेवटी प्रत्यक्ष लढाईइतका लांब असावा. पाठीवर आडवे पडून कोणाच्याही मदतीविना उठता आले पाहिजे. आले नाही तर मापात किंवा दमात काही तरी कमी आहे. साध्या पाण्याबरोबर लिंबू, मीठ, साखरेचे पाणी ठेवावे. सरावातही बंद तुटतील. तुटलेला बंद कुठला होता आणि कुठे झिजला ते लिहून ठेवावे, त्या जागेची कड पुन्हा घासावी, आणि पिशवीतली संख्या त्याच संध्याकाळी भरून काढावी. सरावात वापरलेले जादा बंद परत भरायचे राहून जातात आणि पिशवी लढाईच्या दिवशी रिकामी निघते; माझे नेमके हेच झाले होते.

शस्त्रांची तपासणी गटाचा प्रमुख करतोच : धार बोथट, टोक गोल, पात्यावर खरबरीत खाच नाही. खाच दिसली की कानस फिरवावी. प्रवासात शस्त्रे गाडीच्या मागच्या भागात, गुंडाळून, कुलपात ठेवावीत. १९८८ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पाते जवळ बाळगायला रास्त कारण लागते, तेव्हा वाटेत पेट्रोल भरायला उतरताना कमरेला खंजीर लटकलेला नसावा. चष्मा असेल त्यांनी लेन्सची सोय आधी करावी.

सकाळी आधी शौचाला जाऊन यावे. अंगठ्या काढाव्यात. मग त्या टिपणाच्याच क्रमाने पावलांपासून वर चढत जावे : पाय, पोटऱ्या, मांड्या, मग छाती, हात, हातमोजे आणि शेवटी डोके. छाती आधी चढवली तर खाली वाकून पाय बांधता येत नाहीत. बांधायला माणूस ठरवून ठेवावा आणि त्याला सराव दिलेला असावा. जादा बंदांची पिशवी त्याच्या हातात द्यावी, हातोडी-पक्कड आणि थोडे रिवेट त्याच पिशवीत असावेत, आणि मैदानावर जाताना त्याच्याकडे बोट दाखवून विचारावे की पिशवी कुठे आहे. उत्तर तोंडी घेऊ नये, पिशवी पाहावी.

लढाई संपल्यावर डोके आधी मोकळे करावे, पाणी प्यावे, बसावे. घामाने पोलाद रात्रीत गंजते, तेव्हा दमलेले असलात तरी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवावा, बकलांच्या आतल्या बाजूलाही. भिजलेला अंगरखा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. चामड्याचे पट्टे हीटरजवळ न ठेवता सावलीत वाळवावेत, आणि साखळीविणीचा भाग गाडीत सपाट पसरून न्यावा.