दुसऱ्या कंपनीची गाडी चालवून पाहताना

वर्षानुवर्षे एकाच कंपनीची गाडी चालवणाऱ्याचा हात त्या गाडीवर इतका बसलेला असतो की, दुसरीचा क्लच जरा वर सुटला तरी तो त्याला दोष वाटतो. म्हणून मारुतीची ब्रेझा वापरणाऱ्याने टाटाची नेक्सॉन पाहायला जाताना आधी स्वतःची गाडी ठरलेल्या रस्त्यावरून फिरवावी आणि लगेच नवी गाडी त्याच रस्त्यावरून न्यावी. शोरूमचा नेहमीचा गुळगुळीत फेरा विनम्रपणे नाकारावा. रस्त्यात एक चढ, एक खराब तुकडा, दोन-तीन गतिरोधक आणि थोडी वाहतूक कोंडी असावी; पुण्यात एवढे सारे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

फोनवर वेळ ठरवतानाच आपल्याला घ्यायचे आहे तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स असलेली गाडी मागावी. नेक्सॉन पेट्रोलमध्ये मॅन्युअल, एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळते) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) असे पर्याय आहेत, आणि ड्युअल क्लचची गाडी चालवून एएमटीची नोंदणी करणे म्हणजे शुद्ध जुगार. वाहन चालवण्याचा परवाना सोबत ठेवावा. निघण्यापूर्वी टायरमधील हवेचा दाब तपासून घ्यावा, कारण हवा जास्त असेल तर चांगले सस्पेन्शनही दणके देते आणि आपण उगाच कंपनीला नावे ठेवतो.

इंजिन शक्यतो थंड असतानाच सुरू करावे. गाडी जागेवर उभी ठेवून एसी लावावा आणि हात स्टिअरिंगवर, मग गिअरच्या दांड्यावर ठेवून कंप किती येतो ते पाहावे. नेक्सॉनचे 1.2 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचे आहे, ब्रेझाचे 1.5 लिटरचे चार सिलिंडरचे. त्यामुळे थोडा फरक जाणवणारच, आणि प्रश्न एवढाच की, तो आपल्याला रोज चालेल का.

खरी परीक्षा गतिरोधकानंतर होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हळू करून, गिअर न बदलता हलकेच अॅक्सिलरेटर द्यावा. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर क्षणभर मरगळते आणि मग एकदम उचलते, तर बिनटर्बो इंजिन सुरुवातीपासून एकसारखे ओढते. कागदावर नेक्सॉनचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढण्याची ताकद, 170 न्यूटन-मीटर आणि ब्रेझाचा सुमारे 137 आहे, परंतु कोंडीत कोण दमवते हे त्या आकड्यांवरून कळत नाही. ते डाव्या पायाला कळते. हाच प्रयोग चढावर, एसी चालू ठेवून आणि गाडीत चार माणसे बसवून पुन्हा करावा.

खराब रस्त्यावर म्युझिक सिस्टीम बंद करावी. विक्री प्रतिनिधी नेमका तेव्हाच सनरूफविषयी बोलू लागतो. त्यालाही दोन मिनिटे शांत राहण्याची विनंती करावी. डॅशबोर्डची खडखड, टायरचा आवाज आणि खड्ड्यानंतर गाडी एकदाच बसते की डोलत राहते, हे कानांनी आणि पाठीने टिपावे. उजवीकडे वळताना काचेशेजारचा खांब पादचाऱ्याला झाकतो का, हेही पाहावे.

नंतर चालकाची सीट आपल्या उंचीप्रमाणे लावून स्वतः तिच्यामागे बसावे. आईवडील सोबत असतील तर त्यांना चढउतार करायला सांगावे. गुडघेदुखी असलेल्याचे मत कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाचे असते.

सुरक्षिततेचा निर्णय मात्र अशा फेरीत होत नाही. 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय गाडी होती. परंतु आपण घेणार त्या मॉडेलचे भारत एनकॅप या देशी धडक-चाचणीतील ताजे गुण स्वतंत्रपणे पाहावेत.

परतल्यावर किमतीची बोलणी सुरू होण्याआधीच निरीक्षणे लिहून काढावीत, कारण सवलतीचा आकडा ऐकल्यावर क्लचही हलका वाटू लागतो. गाडी पसंत पडत असेल तर अंधार पडल्यावर दुसरी फेरी मागावी आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर हेडलाइटचा झोत कडेच्या खड्ड्यापर्यंत पोहोचतो का, ते पाहूनच नोंदणीची रक्कम भरावी.