एफवायच्या प्रवेशाला जाण्याआधी

बारावीचा निकाल लागला की घरात कॉलेज कोणतं यावर आठवडाभर खल होतो, विषय कोणते यावर मात्र कुणी बोलत नाही. मग फॉर्म भरताना मागे रांग वाढलेली असते आणि शेजारच्याने ज्यावर खूण केली त्यावरच खूण करून मुलं मोकळी होतात. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं, तेव्हापासून हे महागात पडतं. म्हणून बीए, बीकॉम, बीएस्सीला जाणाऱ्यांनी तयारी विषयांपासून सुरू करावी, फाइल नंतर लावावी.

कॉलेजचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि त्यातला श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, तक्ता शोधा. सत्राला साधारण २२ श्रेयांक, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चौथं वर्ष केलंत तर १७६. मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय, कधी ठरवायचं, ते आधी विचारा. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकवून दुसऱ्या वर्षी मेजर निवडायला लावतात, तर काही ठिकाणी ते प्रवेशालाच लिहून द्यावं लागतं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे सगळे ज्याला ओई म्हणतात, तो दुसऱ्या शाखेतलाच हवा. बीएस्सीवाल्याला विज्ञानाचा ओई चालत नाही. ‘सर, सोपा ओई कोणता?’ हा प्रवेशाच्या टेबलावरचा लाडका प्रश्न. उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो विषय दुपारपर्यंत भरलेला असतो. मानसशास्त्र हवं होतं आणि पदरात भलतंच पडलं, असं नको असेल तर तीन पसंत्या क्रमाने कागदावर लिहूनच घर सोडा.

तक्त्यासोबत वेळापत्रकही मागा. नवीन तयार नसेल तर गेल्या वर्षीचं बघा, फार फरक नसतो. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३०. दोन श्रेयांकांचं प्रॅक्टिकल सत्रभरात ६० तास खातं, म्हणजे आठवड्याला चार तास, आणि ते बहुधा दुपारीच असतं. गावाकडची शेवटची एसटी साडेपाचची असेल तर हा हिशेब विषय निवडण्याआधी मांडायला हवा, नंतर हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आल्यावर नव्हे.

आता फाइल. बारावीचं आणि दहावीचं गुणपत्रक, एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), आधार, फोटो आणि लागू असतील ते दाखले: जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. एलसी कॉलेजात जमा होते, म्हणून आधीच स्कॅन करून चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. बाकी मूळ कागद दाखवायचे आणि परत घ्यायचे. ते कॉलेजने ठेवून घेऊ नयेत असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ सालीच सांगितलंय. डिजिलॉकरवरून एबीसी, म्हणजे श्रेयांकांच्या बँकेचा, आयडीही काढून ठेवा, श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात. आधारवरचं आणि गुणपत्रकावरचं नाव एकदा अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एक जादा ‘एच’सुद्धा पुढे चकरा मारायला लावतो.

शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असतो आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत चालतं. उत्पन्नाचा दाखला जूनच्या गर्दीत मागायला जाऊ नका.

ओरिएंटेशन, म्हणजे यूजीसीच्या भाषेत ‘दीक्षारंभ’, बुडवायचं नाही. प्राचार्यांचं भाषण लांबतं, सत्कार होतात, माइक शिट्टी मारतो, हे खरं आहे. पण परीक्षा विभागाचे सर शेवटी बोलतात आणि तोवर निम्मा हॉल कँटीनमध्ये पोचलेला असतो. अंतर्गत गुण किती, एटीकेटीचा, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाण्याचा, नियम काय, ओई बदलायचा असेल तर अर्ज कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तेच सांगतात. त्यांच्यासाठी वही-पेन घेऊन बसा. एनसीसीची निवड सुरुवातीच्याच आठवड्यांत होते आणि जागा मोजक्या असतात. एनएसएसला वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर धरून चाला.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याने आणि पालकांनी, दोघांनीही भरायचं असतं. महाराष्ट्रात १९९९ पासून याचा कायदा आहे. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन फोनमध्ये साठवून ठेवा.

पालकांनी यायला हरकत नाही, पण टेबलावर उत्तरं मुलांना देऊ द्या. ‘आमची कॉमर्सला जायचं म्हणते’ असं बाबा सांगतात आणि ती मागे मान खाली घालून उभी असते, अशी जोडी दर वर्षी दिसते. फी भरल्यावर पावती आणि आयकार्ड घेऊन लगेच बोनाफाईड दाखल्याचाही अर्ज टाका. एसटीच्या पासला तो लागतो, आणि बारावीपर्यंत मोफत पास मिळालेल्या मुलींनाही आता सवलतीचा पास नव्याने काढावा लागतो.