पातळ थरांचा थर्मोपाइल: या चुका टाळा

थर्मोपाइल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांच्या जोड्यांची माळ: उष्णतेच्या प्रारणाने एका टोकाचे जोड तापतात, दुसऱ्या टोकाचे थंड राहतात आणि त्या फरकातून व्होल्टेज मिळतं. हा सिग्नल कमी पडला की पहिला उपाय सुचतो तो जोड्या वाढवण्याचा. सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो तो इथेच.

समजा, बिस्मथ-अँटिमनीच्या १० जोड्या आहेत आणि एकूण रोध १ किलोओहम आहे. तेवढ्याच जागेत पट्ट्या चौथाई रुंदीच्या करून ४० जोड्या बसवल्या, तर व्होल्टेज चौपट होतं. पण रोध १६ पट होतो, आणि रोधातून येणारा नॉइज त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तोही चौपट. १ हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये (मोजलेल्या वारंवारतांच्या रुंदीत) तो ४ नॅनोव्होल्टवरून १६ वर जातो. हाती काहीच आलं नाही! जोड्या वाढवायच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज मागे टाकता येईल इतक्याच.

मग रोध कमी करायला थर जाड करायचा का? सरसकट नाही. त्याच पट्टीतून गरम जोडाची उष्णताही थंड जोडाकडे पळते. पट्ट्यांतून जाणारी उष्णता आणि बाकी वाटांनी, म्हणजे प्रारण, हवा आणि आधाराचा पडदा यांतून जाणारी उष्णता सारखी झाली, की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर सर्वांत चांगलं मिळतं. माझ्या मते डिझाइनची सुरुवात याच हिशेबाने करावी, मास्क (पट्ट्यांचा आकार ठरवणारा साचा) काढायला नंतर बसावं.

या हिशेबात हवा हमखास विसरली जाते. काळ्या पृष्ठभागासमोर १ मिलिमीटर हवेची फट असेल, तर खोलीच्या तापमानाला त्या हवेतून जाणारी उष्णता प्रारणाच्या साधारण चौपट असते. निर्वात केल्यावर संवेदनक्षमता वाढते, पण प्रतिसाद त्याच प्रमाणात मंदावतो. शिवाय बाकी वाटा बदलल्यामुळे पट्ट्यांची जाडी पुन्हा ठरवावी लागते.

सीबेक गुणांक, म्हणजे तापमानाच्या फरकाच्या दर अंशामागे मिळणारं व्होल्टेज, पुस्तकातून घेऊ नका. ठोकळ्यातल्या बिस्मथ-अँटिमनीच्या जोडीला अंशामागे १०० मायक्रोव्होल्टच्या आसपास मिळतात, पातळ थरात बहुधा त्याहून कमी. थर चढवण्याच्या प्रत्येक खेपेला बाजूला एक नमुना काच ठेवा आणि तिच्यावर मोजा.

काळा लेप जाड लावला तर शोषण वाढेल, पण डिटेक्टर सुस्त होईल. तारा जोडताना सोल्डरिंग आयर्न थेट थराला लावू नका; बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसलाच वितळतं. चांदीची पेस्ट बरी.

खिडकीला साधी काच असेल तर खोलीच्या तापमानाच्या वस्तूंचं १० मायक्रॉनच्या आसपासचं प्रारण आत येतच नाही. पोटॅशियम ब्रोमाइड चालतं, मात्र दमट हवेत ते धुरकट होतं.

हात जवळ नेला की शून्य सरकतं का? झाकण लावूनही तसंच होत असेल तर थंड जोड तापतायत. त्यांना जाड धातूच्या ठोकळ्याशी घट्ट बांधा. तरीही सरकलं तर तसाच दुसरा, प्रारणापासून झाकलेला थर्मोपाइल उलट दिशेने जोडा. त्याने एकूण रोध दुप्पट आणि नॉइज १.४ पट होईल, पण स्थिर शून्यासाठी मी ही किंमत आनंदाने मोजतो.