किसणीवालं ‘ग्रेट’: अर्थ आणि मूळ कसं लावायचं

आधी एक घोळ मिटवू. देवनागरीत ‘भारी’वालं ग्रेट आणि ‘किसणे’वालं ग्रेट डिट्टो सारखंच दिसतं, इंग्रजीत उच्चारही सेमच, फरक फक्त स्पेलिंगचा. भारीवालं जी-आर-ई-ए-टी आणि आपलं जी-आर-ए-टी-ई. इथून पुढे ग्रेट म्हटलं की दुसरंच धरायचं.

डिक्शनरी उघडली की डायरेक्ट अर्थावर उडी मारू नका, आधी शब्दाच्या शेजारी बारीक 1, 2 असे आकडे आहेत का बघा. चांगल्या डिक्शनऱ्या असा आकडा देतात तेव्हा बहुतेक वेळा सांगायचं असतं की बाबा हे दिसायला एक आहेत पण घराणी वेगळी आहेत. ग्रेटचं अगदी तसंच आहे, क्रियापद एका घरचं आणि नाम दुसऱ्या घरचं.

क्रियापद आधी. गाजर, चीज, आलं किसलं तर ग्रेट केलं, सोपंय. पण मराठी करताना गंमत होते, कारण इंग्रजीला गाजर काय नि नारळ काय सगळं ग्रेटच, आपल्याकडे गाजर किसतात आणि ओला नारळ खवतात, त्यामुळे रेसिपीत ‘ग्रेटेड कोकोनट’ दिसलं की खवलेला नारळ म्हणा, ‘किसलेला’ म्हणालात तर सुकं खोबरं वाटेल. दुसरा अर्थ आवाजाचा, लोखंडावर लोखंड घासून करकर होते तो. आणि तिसरा या करकरीतूनच आलेला, एखाद्याचं बोलणं डोक्यात जातं तो. कोणाच्या डोक्यात जातंय ते सांगायचं तर इथे ‘ऑन’ लागतं. ‘हिज व्हॉइस ग्रेट्स ऑन मी’ बरोबर, ‘ग्रेट्स मी’ म्हटलंत तर त्याचा आवाज तुम्हालाच किसतोय असा अर्थ होईल. विशेषण ग्रेटिंग, म्हणजे कर्कश. घसा बसल्यावरच्या खरखरीत आवाजाला मात्र ‘रास्पी’ म्हणतात, तो ऐकायला छानही वाटू शकतो, ग्रेटिंग कधीच छान नसतं.

आता मूळ. हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, तिथे त्याचा अर्थ खरवडणे, आणि फ्रेंचमध्ये ते गेलं जर्मानिक भाषांकडून, म्हणजे जर्मन-डच वगैरेंच्या घराण्याकडून. आजच्या जर्मनमधलं ‘क्राट्झन’, म्हणजे ओरबाडणे, खाजवणे, हे त्याचंच भावंड. फ्रेंचमध्ये हेच क्रियापद आज ‘ग्रात्ते’ झालंय आणि त्यातूनच हॉटेलच्या मेन्यूतलं ‘ऑ ग्रातँ’, म्हणजे वर चीज वगैरे घालून खरपूस भाजलेलं, निघालं. ग्रातँ म्हणजे मुळात भांड्याच्या तळाला चिकटलेला आणि खरवडून काढलेला थर! आपली दुधाची खरवड आठवा, ती पण खरवडण्यावरूनच, दोन भाषांचा काही संबंध नसताना दोघांनी नाव सेम पद्धतीने पाडलं. (आणि खरवड ग्रातँपेक्षा चांगली लागते, यावर मी वाद घालणार नाही.)

नामाचं घर लॅटिन. तिथे ‘क्रातिस’ म्हणजे काटक्या विणून केलेला कूड किंवा ताटी, म्हणून ग्रेट म्हणजे शेकोटीतली लोखंडी जाळी आणि ग्रेटिंग म्हणजे गटारावरची जाळी. ‘ग्रिल’ पण याच घरातलं. फिजिक्सवाल्यांचं डिफ्रॅक्शन ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करणारं साधन, सुद्धा इथलंच, फ्राउनहोफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1821 च्या सुमारास बारीक तारा समांतर ताणून ते केलं होतं, म्हणजे सरळसरळ जाळीच की. तेव्हा वाक्यात ग्रेटिंग आलं की आवाज चाललाय का जाळी, ते आधी ठरवा आणि मग भाषांतर करा.

शेवटचा सापळा म्हणजे ‘ग्रेटफुल’. याचा किसणीशीही संबंध नाही, जाळीशीही नाही आणि भारीशी तर नाहीच, हे लॅटिन ‘ग्रातुस’ म्हणजे सुखावणारं यावरून आलंय, ‘ग्रॅटिट्यूड’ आणि ‘काँग्रॅच्युलेट’ त्याच गोतावळ्यातले. म्हणून स्पेलिंग जी-आर-ए-टी-ई ने सुरू होतं, थँक्यूच्या मेलमध्ये ई आधी टाकून भारीवालं स्पेलिंग लिहिणारे ढिगाने सापडतील. डाऊट आला की ग्रॅटिट्यूडचं स्पेलिंग आठवायचं, त्यात आर नंतर सरळ ए येतो. ‘इनग्रेट’ म्हणजे कृतघ्न माणूस, तोही याच घरचा, त्याला किसणीकडे नेऊ नका.