काळ्या मातीच्या प्रदेशात गाडीचे डिटेलिंग: नवशिक्याने सुरुवात कोठून करावी

खान्देशात गाडीच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान तिचा मालकच करतो, आणि तेही सकाळी कामावर निघण्याच्या घाईत, कोरड्या फडक्याने. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर बसलेला फुफाटा हाताला मऊ लागतो. परंतु त्यात मातीबरोबर वाळूचे कठीण कण असतात आणि फडका फिरवला की ते रंगावरच्या पारदर्शक थरावर घासले जातात. क्लिअर कोट नावाचा हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. गडद रंगाच्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात, त्या अशाच साचत गेलेल्या असतात. माझ्या पहिल्या काळ्या गाडीचे बोनेट मी दोन वर्षांत याच पद्धतीने खराब केले. त्यामुळे डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने स्वच्छता आणि रंगाची निगा, शिकायचे म्हणजे प्रथम धूळ न घासता काढायला शिकायचे, असे माझे मत आहे.

नवशिके बहुधा आधी पॉलिशचे यंत्र विकत घेतात. ती घाई करू नये. सुरुवातीला दोन बादल्या, त्यांच्या तळाशी ठेवायच्या, खाली बसलेली माती अडवणाऱ्या जाळ्या, गाडीसाठीचा सौम्य शॅम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, पाणी टिपण्यासाठी दोन-तीन जाड मायक्रोफायबर टॉवेल आणि चाकांसाठी वेगळा ब्रश एवढे साहित्य पुरेसे आहे. भांड्यांचे साबण वापरू नयेत, कारण ते रंगावरचे वॅक्स उतरवतात. जुने चालक चकाकीसाठी रॉकेलचा हात मारत असत. त्याने येणारी चमक तेलकट असते आणि तिच्यावर धूळ अधिक लवकर चिकटते.

वेळेची निवड येथे महत्त्वाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा साडेपाचच्या सुमारास काम सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावे. तळहाताची मागची बाजू बोनेटवर ठेवून चटका बसत असेल, तर त्या वेळी गाडीला पाणी लावू नये. आधी चाके धुवावीत, कारण सर्वांत जास्त घाण तेथेच असते. त्यानंतर संपूर्ण गाडीवर भरपूर पाणी सोडून सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घेऊन, छतापासून खाली, एकेक भाग सरळ रेषेत धुवावा. प्रत्येक भागानंतर हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत बुडवावा. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या चाकांवरील पोकळीत काळी माती थापली जाते. ती पाणी धरून ठेवते आणि आतला पत्रा ओला राहून गंजतो, म्हणून ती भिजवून, सैल करून, पाण्याच्या जोराने काढावी, खरवडू नये.

उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते अशा ठिकाणी रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावा न लागणारा शॅम्पू, हा चांगला मार्ग आहे. एका बादलीत त्याचे द्रावण करून भिजलेल्या टॉवेलने पुसले की दहा लिटरच्या आसपास पाण्यात गाडी स्वच्छ होते. मात्र चिखल माखलेला असेल, तर तो आधी धुतल्याशिवाय ही पद्धत वापरू नये.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न याहून चिवट आहे. या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि थेंब उन्हात सुकला की पांढरे कडे मागे राहते. उपाय असा की धुण्यासाठी बोअरचेच पाणी वापरावे, पण शेवटचा हात फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या चार-पाच लिटर पाण्याचा द्यावा. त्यासाठी हाताने दाब देण्याचा छोटा फवारा उपयोगी पडतो. शेतात औषध फवारलेला पंप मात्र कितीही धुतलेला असला तरी वापरू नये. त्यानंतर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यावे. डाग पडलेच असतील, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून थंड पत्र्यावर मिनिटभर लावावे आणि लगेच धुऊन टाकावे. तरीही न जाणारा डाग क्लिअर कोटमध्ये खोल गेलेला असतो आणि त्याला पॉलिशच लागते.

धुतलेल्या रंगावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखरीत लागले, तर रंगात सूक्ष्म कण रुतलेले आहेत असे समजावे. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे कण आढळतात. आयर्न रिमूव्हर फवारताच ते जांभळे होऊन विरघळतात. उरलेल्यांसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी आहे, परंतु ती नेहमी क्लेसाठीचे निसरडे द्रावण फवारूनच फिरवावा आणि जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्यावा. पॉलिशमुळे रंगाचा थर प्रत्येक वेळी थोडा कमी होतो, म्हणून यंत्र हाती घेण्यापूर्वी भंगारातल्या एखाद्या पत्र्यावर सराव करावा. शेवटी सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम द्रव्य, लावावे. येथील उष्णतेत ते नैसर्गिक कार्नोबा वॅक्सपेक्षा अधिक काळ टिकते.

आतील भागाला व्हॅक्यूम आणि ओलसर टॉवेल बहुतेक वेळा पुरतात. अपवाद केळीच्या चिकाचा. रावेर-यावल भागातील वाचकांना सांगायला नको, की तो हवा लागताच काळा पडतो. तेव्हा आसनावर लागल्याबरोबर थंड पाण्याने व साबणाने काढावा.

वापरलेले टॉवेल इतर कपड्यांपासून वेगळे, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवावेत आणि वाऱ्याच्या दिवसांत गच्चीऐवजी घरातच वाळवावेत. एखादा टॉवेल जमिनीवर पडला, तर तो झटकून पुन्हा बोनेटवर न आणता चाकांच्या कामासाठी बाजूला ठेवावा.