घरी ट्यूशन घेताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

दर जूनला मला दोन-तीन फोन येतात. कुणी बी.एड. करणारी मुलगी असते, कुणी नोकरी सोडून घरी बसलेली मैत्रीण. "ताई, घरीच ट्यूशन सुरू करतेय, पाचवीपर्यंतची मुलं घेणार, काय काय लागेल?" मी सांगते, एक फळा, दोन चटया आणि स्वतःचं तोंड बंद ठेवायची सवय. पहिल्या दोन गोष्टी सगळे आणतात.

मी नवी मुंबईत, ऐरोलीला, अकरा वर्षं घरी क्लास घेतेय. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, सोफा भिंतीला सरकवून, जास्तीत जास्त नऊ मुलं. बहुतेकांचे आईबाबा महापे-रबाळेच्या एमआयडीसीत नाहीतर ठाण्याला नाहीतर पार मुंबईला कामाला, घरी येईपर्यंत आठ वाजतात, म्हणजे शाळा सुटल्यापासून आई दारात येईपर्यंतचा जो वेळ उरतो तो आमच्यासारख्यांच्या हातात असतो आणि घोळ पण आम्हीच घालतो.

सगळ्यात मोठी चूक: वही "कम्प्लीट" करून देणे

यावर मी लांबलचक लिहिणार आहे, कारण ही चूक मी दोन वर्षं इमानेइतबारे केली.

माझ्याकडे चौथीतला एक मुलगा होता, आपण त्याला सोन्या म्हणू. सोन्याची आई साडेसातला यायची आणि पर्स खांद्यावर असतानाच पहिला प्रश्न, "वही बघू." वही भरलेली दिसली की बाईंचा चेहरा खुलायचा आणि फीसुद्धा वेळेवर यायची, खोटं कशाला बोलू. मग मी काय करायचे, गाइड समोर ठेवून उत्तरं सांगायचे आणि सोन्या लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. पट्टीने समास, प्रश्नाखाली रेघ, उत्तर बरोबर चार ओळींचं. शाळेतूनही "व्हेरी गुड"चे शिक्के यायचे. मला वाटायचं काय जमलंय आपल्याला!

पहिल्या सत्राचा पेपर तपासून घरी आला तेव्हा आई तो घेऊन माझ्या दारात उभी. मी पान उघडलं आणि गप्पच झाले. पोराने सगळे प्रश्न पेपरात सुंदर अक्षरात उतरवले होते. प्रत्येक प्रश्नाखाली पट्टीने रेघ मारली होती आणि रेघेखाली मोजून चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. उत्तर कुणीतरी सांगेल मग लिहू, अशी वाट बघत बसला होता बिचारा. मी त्याला विचारलं, अरे निदान काहीतरी लिहायचंस. तो म्हणाला, "टीचर, कोणी सांगितलंच नाही."

तो पेपर मी झेरॉक्स करून ठेवलाय. नवीन ट्यूशनवाली आली की दाखवते.

त्यानंतर मी सांगणं बंद केलं, पूर्ण बंद. महिनाभर सोन्याची वही अर्धी राहिली, डायरीत रिमार्क आला, आई माझ्यावर नाराज झाली, एकदा तर "मग तुम्ही करता काय नेमकं?" असंही विचारून झालं. मी प्रत्येक उत्तराच्या बाजूला पेन्सिलने लिहायला लागले, "हे त्याने स्वतः लिहिलंय," म्हणजे शाळेच्या बाईंनाही कळावं. आणि पहिलं स्वतःचं उत्तर कुठलं होतं माहितीये? परिसर अभ्यासात प्रश्न होता, पाऊस कमी पडला तर काय होईल. गाइडमध्ये पिकांचं नुकसान, चाराटंचाई वगैरे. सोन्याने लिहिलं, "नळाला पाणी येणार नाही मग आई चिडेल." दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी त्या दिवशी बघितल्याच नाहीत. एवढंच विचारलं, नळाला पाणी येतं कुठून रे? माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चपला काढायच्या आधी ओरडत आला, "टीचर, मोरबे धरण! पप्पांनी सांगितलं, ते आपल्या महापालिकेचं आहे!" त्या पोराने आपणहून आणलेली ती पहिली गोष्ट. चार ओळींच्या उत्तरांनी भरलेल्या दोन वह्यांत तसलं काही नव्हतं.

आता माझी सवय अशी. मुलाने विचारलं "टीचर, हे काय येणार?" की मी मनात वीस आकडे मोजते आणि मग म्हणते, "प्रश्न मोठ्याने वाच." बस. निम्म्या वेळा वाचता वाचता त्याचं त्यालाच सापडतं. चूक दिसली तरी लाल पेन नाही, ज्या ओळीत चूक आहे तिच्या समासात पेन्सिलने एक टिंब देते, शोध तू. वेळ लागतो, हो, लागतोच. आठ गणितांच्या जागी तीन होतात. ज्यांना वही भरलेलीच बघायची आहे त्यांनी दुसरा क्लास बघावा, हे मी आता पहिल्याच दिवशी सांगून टाकते, दोन ॲडमिशन गेल्या त्यात, जाऊ दे.

दुसरी: मूल ज्या इयत्तेत आहे तिथून सुरुवात करणे

हे ऐकायला विचित्र वाटेल. पाचवीतली मुलगी आली, आईला स्कॉलरशिपला बसवायची होती, शाळेत अपूर्णांक चालू, मग मी पण अपूर्णांक सुरू केले. तीन आठवडे डोकं फोडलं. मुलगी "मला गणित येतच नाही" एवढं एकच वाक्य बोलायची, तेही जमिनीकडे बघून.

एक दिवस वैतागून मी सगळं बाजूला ठेवलं आणि नुसतं संख्यांचं श्रुतलेखन दिलं. चव्वेचाळीस बरोबर, सत्तावन्न बरोबर, मग एकोणसाठ म्हटलं तर हिने लिहिलं ६९. एकोणसत्तर म्हटलं तर ७९. एकोणतीस, ३९. आधी वाटलं वेंधळी आहे, घरचे तर वेंधळीच म्हणायचे तिला. पण वेंधळं मूल कसंही चुकतं हो, ही दर वेळी बरोबर दहाने चुकत होती. साठ ऐकलं की सहा लिहायचा, एकोण म्हणजे शेवटी नऊ, झालं. तिच्या परीने तिचा हिशोब पक्का होता.

हे २०२२ मधलं. तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बहात्तरऐवजी "सत्तर दोन", सत्त्याण्णवऐवजी "नव्वद सात" असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता, भाषा बुडाली म्हणेपर्यंत मजल गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा समजावून सांगत होत्या की बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यात लहान मुलं अडकतात. मी पण तेव्हा नाक मुरडलं होतं. माझी ही मुलगी त्या वर्षी नेमकी दुसरीतच होती, पण सेमी इंग्लिशला, म्हणजे शाळेत फिफ्टी नाईन आणि घरी, वाण्याकडे, माझ्याकडे एकोणसाठ. दोन्हींच्या मध्ये तिला कुणी उभंच केलं नव्हतं, माझ्यासकट. मी गणितं तोंडी मराठीत सांगायचे, ती वेगळेच आकडे लिहायची, उत्तर चुकायचं आणि मी म्हणायचे लक्ष कुठाय तुझं.

उपाय काय केला, तर दहाच्या सहा नोटा तिच्या हातात दिल्या. किती? साठ. आता यातला एक रुपया मला दे. तिने एक नोट माझ्याकडून मोडून घेतली, दहा नाणी मोजली, एक मला दिलं. आता किती राहिले? पुन्हा मोजून म्हणाली फिफ्टी नाईन. मी म्हटलं, साठला एक ऊन, एकोणसाठ. ऊन म्हणजे कमी. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे हा साठचा नाहीचे? पन्नासवाला आहे?" एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत, फक्त नव्याण्णव तेवढा वेगळा चालतो, तो वेगळा का हे तिनेच मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. मग वजाबाकीत दशक सुट्टं करायचंही आपोआप सुटलं, कारण नोट मोडणं म्हणजे तेच की. अपूर्णांकांना दिवाळीनंतर हात लावला. स्कॉलरशिपला त्या वर्षी बसवली नाही, त्यावरून आईशी जरा वाजलं.

म्हणून नवीन मूल आलं की पहिला आठवडा मी त्याच्या इयत्तेचं पुस्तक उघडतच नाही. दोन इयत्ता मागचं काढते. जिथे सलग दहा बरोबर येतात तिथून सुरुवात. मुलाला पण वाटतं, अरे येतंय की मला. सोसायटीच्या गेटवर "सात दिवसांत पाढे पाठ", "पंधरा दिवसांत फरक" असले बोर्ड लावणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाकीच्या, भराभर

आल्या आल्या अभ्यासाला बसवू नका, पोर साडेबाराच्या डब्यावर असतं, आधी काहीतरी खाऊ द्या, माझ्याकडे चुरमुरे-फुटाण्यांचा डबा कायम असतो.

खोडरबर काढून घ्या. मी घेते. चुकलं तर एक रेघ मारून खाली लिहायचं. अर्धा तास खोडण्यात जातो यांचा, आणि काय चुकलं होतं ते नंतर मलाही दिसत नाही त्यांनाही नाही.

चॉकलेटचं आमिष नको. दोन महिन्यांनी पोर विचारतं, आज काय आहे, आणि काही नसेल तर अभ्यास पण नाही.

"हुशार आहेस" म्हणणं मी सोडलं. आधी मला हे फॅड वाटायचं, पण १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते, हुशार म्हणून कौतुक झालेली मुलं पुढे सोपंच काम निवडायला लागली आणि एकदा आपटली की मेहनतीचं कौतुक झालेल्यांपेक्षा लवकर ढेपाळली. माझ्याकडे पहिल्या नंबरवाल्या दोन मुली अगदी अशाच होत्या, अवघड गणित आलं की यांना बाथरूमला जायचं असायचं. आता मी म्हणते, "काल तू इथे अडकली होतीस, आज पुढच्या पायरीवर अडकलीस." त्यांना ते कौतुक वाटतं का माहीत नाही, पण बाथरूमच्या फेऱ्या कमी झाल्या.

ग्रुपवर मार्क टाकू नका. कुणाचेच. टॉपरचेही.

आणि वेळ. दोन तास सलग कुणीही बसत नाही, मोठी माणसं ऑफिसात बसत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं, मग उठा, पाणी प्या, गॅलरीतून बघून या. सुरुवातीची दहा मिनिटं मी रोज वह्या बंद ठेवून तीन प्रश्न विचारते, कालचा एक, परवाचा एक, गेल्या आठवड्यातला एक. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवायला लावलेलं डोक्यात राहतं, आणि मुलं पण आदल्या रात्री आपणहून बघून यायला लागतात कारण टीचर विचारणार आहे. मला अभ्यासाची सवय लावायचा एवढा एकच मार्ग माहितीये, रोज तीच वेळ, तीच जागा, तेच तीन प्रश्न. पाहुणे आले तरी.

वेळेचं पण ताणू नका हां. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या दोघींनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची. तो भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ ला पालघर वेगळा झाला. आणि आपण? मुलाचं फुटबॉल सहाला संपतं तर साडेसहाला घ्यायला आपल्याला जड जातं. मी एका मुलासाठी बॅच अर्धा तास पुढे ढकलली, बाकीच्यांच्या आया कुरकुरल्या, आठवड्यात विसरल्या.

हे करूनही अडलं तर

घरी येतं पण पेपरात येत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. बहुतेक वेळा मूल प्रश्न पूर्ण वाचतच नाही. आठवडाभर उत्तरं लिहूच देऊ नका, नुसतं प्रश्नात काय विचारलंय ते बोटाने दाखवायला सांगा.

फळ्यावरचं चुकीचं उतरवतो? ओरडण्याआधी डोळे तपासून घ्या. माझ्याकडच्या एका "निष्काळजी" मुलाला चष्मा लागला आणि निष्काळजीपणा गेला. आणि तिसरी-चौथीतही ब-व, ६-९ सतत उलटंसुलटं होत असेल, वाचताना शब्द गाळले जात असतील, बाकी बोलण्यात पोर चलाख असेल, तर ट्यूशन वाढवून काही होत नाही. सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे, तिथे दाखवा असं पालकांना स्पष्ट सांगा. सांगायला जीवावर येतं, तरी सांगा.

क्लासच्या वेळेलाच पोट दुखतं, तर कुठल्या वारी दुखतं ते लिहून ठेवा. माझ्याकडे तिसरीतल्या एकाचं फक्त मंगळवारी दुखायचं. मंगळवारी मी सगळ्यांना ओळीने उभं करून पाढे म्हणायला लावायचे, म्हणे स्टेज डेअरिंग येतं. त्याला घाम फुटायचा, सातच्या पाढ्यात बेचाळीसला गाडी थांबायची, बाकीची हसायची. उभं करणं मी बंद केलं. आता मंगळवारी मी चहा टाकायला आत जाते तेव्हा तो किचनच्या दारात येतो, माझ्याकडे पाठ करून फ्रिजवरचे मॅग्नेट सरकवत बसतो आणि पाढे म्हणतो. मध्ये थांबला तरी मी वळून बघत नाही. तेराच्या पाढ्यापर्यंत आलाय, चहा आत्तापर्यंत दोनदा उतू गेलाय.